हात बरा झाला तरी

कापूस बाजारात येऊ लागला की आदिलाबादची हवा पांढरी होते. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलबंड्यांची रांग लागते. ताडपत्रीच्या फटींतून पुंजके उडतात आणि बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, शाळेत निघालेल्या पोरींच्या वेण्यांना जाऊन चिकटतात. घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात तर ते हक्कानं शिरतात. काळ्या कापडाचा ब्लाउज शिवायला घ्यावा आणि त्यावर कापसाचा तंतू बसू नये, असं या दिवसांत होतच नाही. सकाळी दुकान उघडलं की मी ओल्या फडक्यानं आधी मशीन पुसते, मग टेबल, मग भिंतीवरचं कपाट. कपाटाच्या खालच्या खणांत अस्तरं, लेस, साडीचे फॉल. वरच्या खणांत माझे ठोकळे.

हो, ठोकळेच. लहान पोरं एकावर एक बसवून घरं आणि गाड्या करतात ते. प्लॅस्टिकचे, डोक्यावर गोल उंचवटे असलेले. नवीन बाई माप द्यायला उभी राहिली की तिची नजर वर जाते आणि मग माझ्याकडे येते. काही विचारतात, काही विचारत नाहीत. विचारलं तर मी सांगते, माझे आहेत, आणि टेप तिच्या खांद्यावरून फिरवते. कापसाच्या दिवसांत हे सगळं जास्त आठवतं, कारण ते अशाच दिवसांत सुरू झालं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. तेलंगणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊन येतं. पण इथं पहाटे तोंडातून वाफ निघते, चहाच्या टपरीवर माणसं कानटोप्या घालून टायर जाळत बसतात, आणि शिवारात ज्वारी हुरड्यावर आली की त्या धुरात हुरडा भाजल्याचा गोड वास मिसळतो. दसरा होऊन गेला होता. लग्नसराई तोंडावर आली होती आणि दुकानात ब्लाउजपीसांचा ढीग लागला होता. मी सकाळी दुकानापुढचा ओटा धुतला, बादली ठेवायला वळले आणि पाय सटकला. सगळं अंग उजव्या हातावर आलं. जाड कापड एकदम फाटतं तेव्हा जसा आवाज होतो, तसा मनगटातून आला. दुखणं नंतर आलं, आवाज आधी.

प्लॅस्टरचे दिवस कसेबसे गेले. खरी भीती प्लॅस्टर काढल्यावर बसली. खालून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, कोरडा, वाळलेल्या वांग्यासारखा सुरकुतलेला. मूठ वळेना. कैचीच्या भोकात अंगठा गेला तरी तो पातं दाबेना. मी लहानपणापासून शिवते आहे. काज करायला शिकले तेव्हा माझे पाय मशीनच्या पायट्याला पोचत नव्हते. त्यामुळे त्या दुपारी, समोर कापड आणि हातात कैची असून मी नुसतीच बसले होते तेव्हा, मी कोण आहे हेच मला कळेना.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या लक्ष्मी टीचर माझ्या जुन्या गिऱ्हाईक. तेलुगू शाळेत शिकवतात, माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू आणि उरलेलं हातवारे करून बोलतात. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. त्या आल्या, थोडा वेळ माझा हात हातात घेऊन बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "एमी अनुकोवद्दु शोभा. बुरा मत मानना." मी त्यांचं रेशमी कापड घडी करून परत दिलं. डाव्या हातानं घडी नीट बसली नाही. त्यांनी ती तशीच वाकडी पिशवीत ठेवली, माझ्यासमोर सरळ केली नाही. तेवढी माणुसकी मला पुष्कळ दिवस पुरली.

सरकारी दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणायची, "अम्मा, मुट्ठी बांधो, खोलो. घर में आटे की गोली दबाओ." मी दाबली. रोज कणकेचा गोळा घेऊन दाबत बसायची. त्या कणकेच्या पोळ्या इतक्या मऊ व्हायच्या की माझे यजमान, वसंतराव, खूश. पण मी कंटाळले. गोळा दाबला की दबतो, सोडला की पसरतो. केलेल्या कामाची काही खूणच राहत नाही. शिवणाऱ्या बाईला हे सोसत नाही. दिवसाच्या शेवटी हातात काहीतरी पुरं झालेलं दिसायला हवं.

अशात एका रविवारी मी बाजारात जुनी बटणं शोधायला गेले. तिथं हैदराबादहून येणारा एक माणूस जुन्या, तुटक्या खेळण्यांचा ढीग घालून बसतो. ढिगाच्या बाजूला एक पोतं होतं आणि त्यात हे ठोकळे. लाल, पिवळे, निळे, मळलेले, एकमेकांत अडकलेले. तो ते मापट्यानं विकत होता, ज्वारी विकावी तसे. मी सहज दोन उचलले आणि एकावर एक ठेवून दुखऱ्या अंगठ्यानं दाबले.

टक्.

दुखलं. पण दुखून झाल्यावर हातात काहीतरी राहिलं होतं. दोनाचा एक झाला होता आणि उलटा करून हलवला तरी सुटत नव्हता. मी पुन्हा ओढून काढला. तेही दुखलं. पुन्हा बसवला. तो माणूस म्हणाला, "लेना है तो लो अम्मा, खेलो मत." मी दोन मापटी घेतली, आणि बटणं घ्यायची विसरले.

वसंतराव भाजीवाले. गावाबाहेर आमचा थोडा मळा आहे. वांगी, पालक, मेथी तिथं पिकते आणि ते ती रैतू बजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, विकतात. घरात कांद्याच्या जाळीदार पिशव्या कमी नाहीत. मी ठोकळे तशा पिशवीत घातले, साबणाच्या पाण्यात खळबळून काढले आणि गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत घातले. वर हवेतून कापूस येत होता. लाल ठोकळ्यांवर पांढरे तंतू बसत होते आणि मी तिथंच उन्हात पाठ शेकत ते एकेक निवडत होते. वसंतराव जिन्यात येऊन उभे राहिले. "काय करून राह्यली वं?"

"हाताचा व्यायाम."

"बरं," ते म्हणाले आणि पालकाच्या जुड्या बांधायला गेले.

सुरुवातीला सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं. मी रंगाप्रमाणे डबे लावले. दिसायला सुंदर दिसलं. पण लाल डब्यात एक बारीक लाल तुकडा शोधायचा म्हणजे लाल मिरच्यांच्या पोत्यात लाल मणी शोधणं. मग सगळं ओतलं आणि आकाराप्रमाणे लावलं. लांब लांबांत, चौकोनी चौकोन्यांत, चपटे निराळे. आता हात घातला की रंग आपोआप डोळ्यात भरू लागले. काही तुकडे खोट्या बनावटीचे निघाले. हुबेहूब तसेच दिसायचे, पण बसवले की ढिले. भिंत तीन थर वर गेली की कलायची. ते निराळे काढले. चांगल्या ठोकळ्याचं लक्षण असं, की बसताना तो थोडा विरोध करतो, आणि बसला की मग कलत नाही. ही समज कोणी दिली नाही. बोटांना आली.

सगळ्यात दुखायचं ते चपटे तुकडे सोडवताना. नखांत कळ जायची, डोळ्यांत पाणी यायचं. पण रोज एखादा जास्त सुटायचा. आधी मी नुसत्या भिंती बांधल्या. मग खोली. मग खिडकीची खोली. आणि एके दिवशी, काळे तुकडे पुष्कळ आहेत असं दिसल्यावर, मी माझी शिलाई मशीन बांधली. मान, चाक, सुईच्या जागी एक पांढरा बारीक दांडा. चाक फिरत होतं. पुस्तक नव्हतं, चित्र नव्हतं, समोर खरी मशीन होती आणि इतक्या वर्षांची सवय होती. ती टेबलावर ठेवली आणि दोन्ही मशीनींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग काही विचार न करता कैची उचलली आणि अस्तराचा तुकडा कापला. सरळ कापला गेला.

पुढच्या वेळी डॉक्टरीण माझी मूठ दाबून म्हणाली, "बहुत अच्छा अम्मा! क्या करते घर में?"

"खेलती हूं, मैडम."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

संक्रांतीपर्यंत हात बरा झाला. थंडीत अजून ठणकतो, पण बरा झाला. कापडं परत आली. लक्ष्मी टीचर स्वतः दोन पीस घेऊन आल्या. आणि एका दुपारी जेवताना वसंतराव अगदी साधेपणानं म्हणाले, "आता तुहा हात तं बरा झाला. मंग ते डबे माळ्यावर टाकू का?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. काठी टेकत चालणारा माणूस बरा झाला की काठी कोपऱ्यात ठेवतो, तसंच ते बोलत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं की डॉक्टरनी अजून करायला सांगितलंय. ते म्हटलं असतं तर काही दिवस निभलं असतं. पण मग दर काही दिवसांनी नवं दुखणं काढावं लागलं असतं. आपल्या आवडीसाठी आजाराचा आडोसा घेत राहायचा, हे मला पटेना. आपल्याकडे बाईच्या प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. देवळात बसली तर नवस असतो, शेजारी बसली तर काम असतं, झोपली तर डोकं दुखत असतं. नुसतं आवडतं म्हणून, हे कारण चालत नाही.

मी म्हटलं, "नका टाकू."

"काऊन?"

"मले आवडते."

त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि बराच वेळ बुडवून ठेवला. "बरं," ते म्हणाले. पण हे 'बरं' आधीच्या 'बरं'सारखं नव्हतं.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. आम्हाला मूलबाळ नाही. ज्या घरात मूल नाही त्या घरात खेळणी दिसली की बघणारे लगेच दोन आणि दोन चार करतात. शेजारच्या बायका कपाटाकडे बघून आवाज खाली आणत. एक जण माझ्या पाठीवरून उगाच हात फिरवून गेली. राग करावा असं कोणी काही बोलत नव्हतं. कीव करत होते. रागाला उत्तर देता येतं. कीव करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

मग मंचेरियलहून कुसुमताई आल्या. माझी मोठी नणंद. भाऊजी कोळशाच्या खाणीत कामाला, क्वार्टर रेल्वे लाइनीजवळ, त्यामुळे ताई नेहमी मोठ्यानं बोलतात. माझ्या लग्नानंतरच्या वर्षांत मला नागपूरच्या डॉक्टरांकडे त्याच घेऊन गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा मला धरून त्याच बसल्या होत्या. माझ्यावर जीव आहे त्यांचा. त्यांनी तिळाचे लाडू टेबलावर ठेवले, मान वर करून कपाट पाहिलं आणि एकदम पदर तोंडाला लावला.

"शोभा, माय, सांगत काऊन नाई वं? मनातल्या मनात ठिऊन असं होते."

"कसं होते, ताई?"

"हे... लेकराइचे खेळणे जमा करणं. मी नाई समजत का? उचलून ठेव ते. लोकं पाह्यतात, किव करतात. वसंताले काय वाटत असन?"

वसंतराव तेव्हा दारात होते. डोक्यावर मेथीची पाटी, आत यावं की परत जावं हे कळत नसल्यासारखे. मी मशीनवरून उठले, ताईंच्या समोर बसले आणि त्यांचा पदर हळूच खाली केला.

"ताई, लेकरू झालं नाई त्याचं रडणं मी रडून घेतलं. तुमच्याच खांद्यावर रडली. ते सरलं. हे त्याच्यातलं नाई."

"मंग हे काय हाये?"

"तुमच्या शोकेसात निर्मल गावचे लाकडी मोर हायेत. रंगवलेले आंबे, केळं हायेत. ते पाहून कोणी तुमची किव करते का?"

"ते तं शोभेचे हायेत. त्याइले कोणी हात नाई लावत."

"हे हात लावाचे हायेत. इतकाच फरक हाये, ताई. माहा हात गेला होता. तो याइनं आणला. आता हात आला म्हणून याइले बाहेर काढू का?"

ताईंनी पुन्हा एकदा मान वर करून कपाट पाहिलं. बाहेरून एक कापसाचा ट्रॅक्टर खडखडत गेला आणि खिडकी हलली. "तुहं बोलणं मले समजलं नाई," त्या शेवटी म्हणाल्या, "पण तू रडून नाई राह्यली, हे दिसते." मग त्यांनी स्वतःच उठून वसंतरावांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि मेथीचा भाव विचारला.

त्या गेल्यावर मी स्वतःला विचारून पाहिलं. कारण दुसऱ्याला ठणकावून सांगितलेली गोष्ट आपल्याला खरी लागते का, हे एकट्यानं चाखून बघावं लागतं. ठोकळे निवडताना विचारलं, बांधताना विचारलं. एकदा वाटलं, मी लहानपणी खेळलेच नाही, काजं करत बसले, म्हणून आता ती उधारी फेडते आहे. ऐकायला छान वाटतं. पण तेही खरं नसावं. माझ्या बरोबरच्या किती तरी बाया खेळल्या नाहीत आणि त्यांना ठोकळ्यांचं काही नाही. खरं कारण इतकंच, की दोन तुकडे बसतात तेव्हाचा आवाज मला आवडतो. आणि ठोकळ्यांच्या ढिगातून एखादी ओळखीची गोष्ट उभी राहते तेव्हा माझं सगळं लक्ष एका जागी गोळा होतं. त्याच्या मागे आणखी काही नाही. शोधलं, सापडलं नाही, आणि न सापडल्याचं मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिला अख्खा डबा मागवला. लक्ष्मी टीचरांनी त्यांच्या मोबाइलवरून मागवून दिला आणि तो उघडायला स्वतः आल्या. आत नवे करकरीत ठोकळे आणि एक पुस्तक. एक छोटं रेल्वे स्टेशन बांधायचं होतं. मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. ती माझी सवयच आहे. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. इथं मंडल ऑफिसात जा, बँकेत जा, दवाखान्यात जा, कागद तेलुगूत नाहीतर इंग्रजीत. हातात कागद आला की तो कोणाकडे सरकवायचा, हे मी आधी बघून ठेवते. टीचरांनी पानं उलटली आणि हसून पुस्तक माझ्याकडे परत दिलं. त्यात एक अक्षर नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती चित्रं. कुठला तुकडा, कुठं, किती. मी ते मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले. हो, वाचायलाच. टीचर चुकत होत्या, एक ओळ सोडून तुकडा लावत होत्या, आणि मी त्यांना थांबवत होते. स्टेशन संध्याकाळच्या आत उभं राहिलं. फलाट, घड्याळ, बाकडं. बेल्लमपल्लीचं स्टेशन असंच आहे, टीचर म्हणाल्या, फक्त इथं कोळशाचा धुरळा नाही.

आता माझे काही नियम झाले आहेत. ऊन लागेल अशा जागी ठेवायचं नाही, पांढरे ठोकळे पिवळे पडतात. महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ काढायची. बाजारातल्या मापट्याचा माल धुतल्याशिवाय इतरांत मिसळायचा नाही. सगळं घ्यायचं नाही. जे बांधताना मन रमेल तेच घ्यायचं. आणि लग्नसराईत, कापडांचा ढीग असेल तेव्हा, एक तुकडाही हातात घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम मी पाळते असं म्हणणार नाही.

लोकांचं बघणंही बदललं. पाठीवरून हात फिरवणारी शेजारीण परवा तिच्या सुनेला घेऊन आली होती. कपाटाकडे बोट दाखवून तिनं सांगितलं, "ते पाह्य, शोभाबाईनं बांधलं. डॉक्टर बी थक्क झाला." डॉक्टरीण थक्क झाली नव्हती. पण मी दुरुस्त केलं नाही.

वसंतराव मात्र यातलं काही बोलत नसत. ते कपाटाजवळून जाताना पाटी सांभाळून नेत. एकदा चहाचा कप ठेवायला जागा नव्हती, तर स्टेशनच्या फलाटाला धक्का न लावता कप हातातच धरून उभ्यानं चहा प्यायले. विरोध नव्हता. पण जवळही येत नव्हते. त्यांना काय वाटतं ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी माणसाला त्याच्या वेळेनं सांगू द्याव्या लागतात.

यंदा, कापूस नुकताच सुरू झाला तेव्हा, ते फवारणीच्या पंपाची मोटर आणायला नागपूरला गेले. मुक्काम करून सकाळच्या बसनं परत आले. स्वेटर, कानटोपी, बसनं आंबलेलं अंग. पिशवीतून आधी संत्री काढली, मग मोटर, आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पेटी माझ्या मशीनवर ठेवली. कागद एका कोपऱ्याला फाटला होता. आत काय आहे ते मला तेवढ्यावरून कळलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कानटोपी काढून तिची घडी घालत होते.

"कुठून आणलं?"

"मोटरीच्या दुकानाच्या बाजूलेच होतं. गेलो अंदर. लई मोठं दुकान. त्या पोरानं इचारलं, किसके लिए चाहिए? म्हनलं, घर में."

"मंग?"

"मंग तो म्हने, अंकल, इसमें छोटे छोटे टुकड़े हैं. बच्चा मुंह में तो नहीं डालता?"

"तुमी काय म्हनलं?"

वसंतराव अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "म्हनलं, नहीं डालती. सैंतालीस की है."

मी हसले. हसता हसता मशीनवर टेकले. तेही हसायला लागले, आधी खांदे हलले, मग आवाज. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून आत बघायला लागली. त्या पोराच्या तोंडावर काय भाव आले असतील ते मी पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ते पुन्हा पुन्हा सांगत होते. भर दुकानात, चार लोकांसमोर, त्यांनी ते सांगितलं होतं. मान खाली न घालता.

हसणं ओसरल्यावर मी कापडं बाजूला सारली, जमिनीवर चादर अंथरली आणि पेटीची कड उघडायला कैची घेतली.

"थांब," वसंतराव म्हणाले. "आधी चाय ठेव. मी बी बसतो."